हिशेबाची वही आणि एक रागावलेलं पत्र : आग्नेस ड्युररची गोष्ट

आजची गोष्ट जर्मनीतली आहे, पण तिची सुरुवात आपल्या गोव्यातून करता येते.

1515 च्या जानेवारीत गोव्याहून एक पोर्तुगीज जहाज लिस्बनला निघालं. त्यात मसाल्यांच्या पोत्यांबरोबर एक जिवंत गेंडा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला होता आणि अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे पाठवला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला आणि युरोपभर एकच चर्चा झाली. लिस्बनमधल्या कुणीतरी त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात धाडलं. तिथल्या एका चित्रकाराने, प्राणी डोळ्यांनी कधीही न पाहता, त्याचं चित्र काढलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग. लाकडी ठशावरून ते चित्र छापलं गेलं आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातल्या लोकांच्या मनातला गेंडा म्हणजे हाच गेंडा होता.

चित्रकाराचं नाव आल्ब्रेख्त ड्युरर. तुमच्यापैकी अनेकांनी त्याची प्रार्थनेत जोडलेल्या हातांची किंवा सशाची चित्रं नक्की पाहिली असतील, निदान कॅलेंडरवर तरी.

पण आज आपण चित्राबद्दल बोलणार नाही, कागदाबद्दल बोलणार आहोत. छापील चित्र म्हणजे शेवटी कागदच. असे शेकडो कागद छापून झाले की ते कुणीतरी गठ्ठ्यात बांधायचे, गाडीवर चढवायचे, जत्रेत दुकान मांडून बसायचं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, पैसे मोजून घ्यायचे आणि घरी आणायचे. ड्युररच्या घरात हे काम करणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्याला कागदोपत्री सापडतं. ते त्याच्या बायकोचं आहे, आग्नेसचं.

आणि याच आग्नेसबद्दल जवळजवळ साडेतीनशे वर्षं काय सांगितलं गेलं? तर ती कजाग होती, पैशाची लोभी होती, आणि तिने नवऱ्याला राबवून राबवून मारलं.

आज हे प्रकरण आपण कागदपत्रं समोर ठेवून तपासू.

आरोप कुणी केला?

ड्युरर 6 एप्रिल 1528 रोजी वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1530 मध्ये, त्याचा अगदी जवळचा मित्र विलिबाल्ड पिर्कहायमर याने व्हिएन्नातल्या योहान चेर्टे नावाच्या ओळखीच्या माणसाला एक लांबलचक पत्र लिहिलं. पिर्कहायमर हा साधासुधा माणूस नव्हता. न्युरेम्बर्गच्या बड्या घराण्यातला, इटलीत शिकलेला, ग्रीक आणि लॅटिनचा पंडित, नगरपरिषदेवर बसलेला. ड्युरर सोनाराचा मुलगा. पण दोघांची दोस्ती इतकी घट्ट की ड्युररने व्हेनिसहून त्याला लिहिलेली पत्रं आजही कलेच्या इतिहासात मोलाची मानली जातात.

तर या पत्रात पिर्कहायमर म्हणतो की माझ्या मित्राच्या मरणाला त्याची बायको जबाबदार आहे. तिने त्याचं काळीज कुरतडलं. तो वाळून काडीसारखा झाला. आपल्यामागे पैसा राहावा म्हणून तिने त्याला दिवसरात्र कामाला जुंपलं. सहा हजार गुल्डन मागे राहिले तरी तिचं समाधान नाही. पुढे तो असंही लिहितो की बाई चारित्र्याने चांगली आहे, देवभक्त आहे. पण असल्या कटकट्या, संशयी देवभक्त बाईपेक्षा एखादी उनाड पण गोड बोलणारी बाई परवडली.

हे पत्र टिकलं. मोठ्या विद्वानाचं पत्र म्हणून ते विश्वासार्ह ठरलं. 1675 मध्ये योआखिम फॉन सांड्रार्टच्या कलेतिहासाच्या गाजलेल्या ग्रंथात हाच आरोप छापून आला. 1828 मध्ये ड्युररच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली आणि जर्मनीत त्याचा मोठा गौरव झाला. त्याच वर्षी लेओपोल्ड शेफर या लेखकाची ड्युररच्या दुःखी संसारावरची कथाही आली. जसजसा ड्युरर मोठा होत गेला, तसतशी आग्नेस वाईट होत गेली.

आता दुसऱ्या बाजूचे कागद उघडू.

ठरवून केलेलं लग्न आणि एक नवा धंदा

ड्युररने आपल्या घराण्याची एक छोटी बखर लिहून ठेवली आहे. तीत लग्नाची नोंद कशी आहे, तर मी प्रवासाहून घरी आलो, हान्स फ्राय याने माझ्या वडिलांशी बोलणी केली, आपली मुलगी मला दिली आणि तिच्याबरोबर दोनशे गुल्डन दिले. तारीख 7 जुलै 1494. वाचताना आपल्याला काही वेगळं वाटत नाही, कारण ही पद्धत आपल्या घरात आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत होतीच. मुलगा तेवीस वर्षांचा, मुलगी विशीच्या आसपास. तिचे वडील तांब्या-पितळेचे कुशल कारागीर, आई वरच्या घराण्यातली.

लग्नाआधी की नंतर ते नक्की नाही, पण त्याच वर्षी ड्युररने तिचं एक झटपट रेखाचित्र काढलं. टेबलाशी बसलेली, हाताला हनुवटी टेकवून पेंगुळलेली एक मुलगी. खाली त्याने लिहिलं, ‘माझी आग्नेस’. ते चित्र आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे.

ड्युररने जो मार्ग धरला तो त्या काळच्या चित्रकारासाठी नवा होता. साधारणपणे चित्रकार काय करायचा? चर्च किंवा श्रीमंत माणूस काम सांगेल, भाव ठरेल, चित्र पुरं झालं की पैसे मिळतील. एक चित्र, एक गिऱ्हाईक. ड्युररचा धर्मपिता आंटोन कोबर्गर हा त्या काळातला युरोपातला एक फार मोठा मुद्रक आणि प्रकाशक होता. त्यामुळे छापखाना कसा चालतो हे ड्युररने लहानपणापासून पाहिलं होतं. 1498 मध्ये त्याने बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या भागावर पंधरा मोठी लाकडी ठशांची चित्रं मजकुरासकट पुस्तकरूपाने काढली, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत, आणि प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव घातलं. काम कुणी सांगितलं नव्हतं. कागद आपला, ठसे आपले, जोखीम आपली, आणि माल खपला तर नफाही आपला.

पण असा माल खपवायचा तर गावोगाव जावं लागतं. ड्युररने सुरुवातीला पगारी माणसं नेमली. 1497 पासूनचे असे करार सापडतात, चित्रं घेऊन शहराशहरांत फिरायचं आणि विकायची. अनुभव कसा आला? त्याच बखरवजा टिपणांमध्ये त्याने पुढे आपली स्थिती लिहिली आहे. उसने दिलेले पैसे परत आले नाहीत. नोकरांनी हिशेब दिले नाहीत. एक माणूस रोममध्ये मेला आणि त्याच्याबरोबर मालही गेला.

ज्यांनी कधी उधारीवर माल देऊन बाहेरगावी विक्रेता ठेवला आहे, त्यांना या तीन ओळी समजावून सांगायची गरज नाही. छोटा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा माल वाईट म्हणून नव्हे. वसुली होत नाही आणि हिशेब लागत नाही, म्हणून बुडतो. अशा वेळी मालकाला एकच माणूस हवा असतो, ज्याने हिशेब दिला नाही अशी वेळच येणार नाही. ड्युररच्या घरात अशी दोन माणसं होती. एक आई आणि दुसरी बायको.

न्युरेम्बर्गच्या कारागिरांच्या घरात हे जगावेगळं नव्हतं, हेही लक्षात घ्या. कारखाना आणि घर एकाच छपराखाली असायचं. शिकाऊ मुलं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. मालकीणबाईंनी त्यांचं खाणंपिणं पाहायचं आणि बाजारात दुकानावरही बसायचं, अशी रीतच होती. पण आग्नेसच्या वाट्याला आलेला बाजार गल्लीतला नव्हता.

पंचवीस गुल्डनचा हिशेब

1505 मध्ये ड्युरर व्हेनिसला गेला आणि दीड वर्ष तिथेच राहिला. जाताना पिर्कहायमरकडून पैसे उसने घेतले होते. 1506 च्या जानेवारीतल्या पहिल्याच पत्रात तो मित्राला घरचा हिशेब सांगतो. आईकडे मी दहा गुल्डन ठेवले होते, मधल्या काळात तिने चित्रं विकून नऊ-दहा मिळवले, आणखी कुणाकडून बारा आले, त्यातून तिने घराचं देणं भागवायचं आहे. बायकोला मी बारा दिले होते, तिने फ्रँकफर्टला तेरा मिळवले, म्हणजे पंचवीस झाले. तेव्हा तिला कमी पडू नये.

या तेरा गुल्डनवर थोडं थांबू.

फ्रँकफर्टची जत्रा वर्षातून दोनदा भरायची, वसंतात आणि शरदात. न्युरेम्बर्गपासून अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. रस्त्यांवर लुटारूंची भीती इतकी की व्यापारी तांड्याने आणि हत्यारबंद रखवालदारांसह जायचे. जत्रेत देशोदेशीचे पुस्तकविक्रेते यायचे, म्हणजे छापील मालाचं ते सर्वांत मोठं ठिकाण. नवरा आल्प्स पर्वताच्या पलीकडे गेलेला असताना ही तिशीतली बाई चित्रांचे गठ्ठे घेऊन तिथे गेली आणि नवऱ्याने हाती ठेवलेल्या रकमेपेक्षा जास्त कमाई करून आली. त्याच वर्षी वसंतातल्या एका पत्रात ड्युरर लिहितो, की न्युरेम्बर्गच्या पवित्र अवशेषांच्या उत्सवात आईने विक्रीकडे लक्ष द्यावं, पण तोपर्यंत बायको घरी पोचेल असं वाटतं, तिला मी सगळं लिहिलं आहे.

ईस्टरनंतर दरवर्षी होणाऱ्या या उत्सवाला हजारो यात्रेकरू शहरात यायचे. यात्रेत देवाची चित्रं खपतात हे आपल्याला पंढरपूर-शिर्डीमुळे वेगळं सांगायला नको. म्हणजे पाहा, एक बाई बाहेरगावची जत्रा सांभाळते, दुसरी घरची यात्रा, आणि पुरुष परदेशात शिकतो आहे, चित्र काढतो आहे. ‘तिला मी सगळं लिहिलं आहे’ या वाक्यातलं ते ‘सगळं’ मात्र आपल्याला कधीच वाचता येणार नाही. पिर्कहायमरला लिहिलेली पत्रं पंडिताच्या घरात जपली गेली. आग्नेसला लिहिलेली गेली.

चित्र की छापा?

पिर्कहायमर म्हणतो, तिने त्याला पैशासाठी राबवलं. मग पैशाची चिंता नक्की कुणाला होती, हे ड्युररच्याच शब्दांवरून पाहू.

व्हेनिसहून परतल्यावर फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याने त्याला चर्चसाठी एक मोठं चित्र सांगितलं. भाव ठरला 130 गुल्डन. ड्युररने जीव ओतून काम केलं, उत्तमातले रंग वापरले, आणि मग लक्षात आलं की या भावात आपण बुडतो आहोत. हेलरबरोबर पत्रांतून बरीच ओढाताण झाली आणि शेवटी दोनशेवर तडजोड झाली. 1509 मध्ये तो हेलरला वैतागून कळवतो की असं बारीक कामाचं चित्र मी पुन्हा करणार नाही, केलं तर भिकारी होईन. आता मी कोरीव छापकामच करेन. आधीपासून तेच केलं असतं तर आज हजार गुल्डनने श्रीमंत असतो.

हे आग्नेस बोलत नाही, ड्युरर बोलतो आहे. वर्ष-दीड वर्ष खाणाऱ्या एका चित्रापेक्षा छापील कागदांचे गठ्ठे घर चालवतात, हे गणित त्याचं स्वतःचं होतं. आणि ते गणित खरं कशामुळे ठरलं? गठ्ठे विकणारी माणसं घरात होती म्हणून. त्याच वर्षी त्याने किल्ल्याजवळच्या वेशीपाशी मोठं घर विकत घेतलं. ते घर आजही उभं आहे, तिथे संग्रहालय आहे.

नाव झालं तशा नकला सुरू झाल्या. ड्युररची सही म्हणजे मोठ्या ‘ए’च्या पायात छोटा ‘डी’. ती आज ज्याला आपण ब्रँड म्हणतो तशी झाली होती. 1512 मध्ये न्युरेम्बर्गच्या नगरपरिषदेने एका परक्या विक्रेत्याला ताकीद दिली. तो परिषदेच्या इमारतीबाहेर ड्युररच्या खोट्या सहीची चित्रं विकत होता. सही काढ, नाहीतर माल जप्त. पुढे हीच लढाई आग्नेसला एकटीने लढायची होती.

अँटवर्पमधलं वर्ष

12 जुलै 1520 रोजी ड्युरर नेदरलँड्सच्या प्रवासाला निघाला. बरोबर आग्नेस, सुझाना नावाची मोलकरीण आणि चित्रांचा भरपूर साठा. कारण उघडपणे पैशाचं होतं. सम्राट माक्सिमिलियानने त्याला वर्षाला शंभर गुल्डनचं मानधन लावून दिलं होतं. सम्राट 1519 मध्ये वारला, आणि नव्या सम्राटाकडून म्हणजे पाचव्या चार्ल्सकडून ते चालू ठेवायची मंजुरी हवी होती.

या प्रवासाची ड्युररची रोजनिशी उपलब्ध आहे. खरं तर ती हिशेबाची वहीच आहे. जकात किती, कोंबडी कितीला, कुणाला कोणतं चित्र भेट दिलं आणि बदल्यात काय आलं, सगळं त्यात आहे. अँटवर्पमध्ये एका गिऱ्हाइकाने ख्रिस्ताच्या यातनांवरच्या छोट्या लाकडी ठशांचे सोळा संच घेतले, चार गुल्डनला. म्हणजे सदतीस चित्रांचा पूर्ण संच पाव गुल्डनला. सुटी चित्रं तर कागदाच्या मापावर विकली जात होती. पूर्ण ताव, अर्धा ताव, पाव ताव, आणि गुल्डनला इतके नग. आज ज्या चित्रांपुढे संग्रहालयात आवाज न करता उभं राहावं लागतं, ती चित्रं अशी नगावर जायची. एवढ्या बारीक नफ्यावर घर उभं करायचं तर प्रत्येक पै मोजणारं कुणीतरी लागणारच.

या वहीत आग्नेस अधूनमधून दिसते. अँटवर्पच्या चित्रकारांनी मेजवानी दिली ती ड्युरर, त्याची बायको आणि मोलकरीण अशा तिघांना. तिथल्या चित्रकारांच्या बायकाही आल्या होत्या, चांदीची भांडी होती, आणि रात्री मशाली घेऊन मंडळी त्यांना पोचवायला आली. पण त्याच वहीत राहण्याच्या जागेचा करारही आहे. ड्युररने घरमालकाबरोबर जेवायचं, आणि बायको व मोलकरणीने वर आपलं शिजवून खायचं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. हा संसार बरोबरीचा होता असा माझा दावा नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती एक साधी नोंद. सेंट मार्टिनच्या सणाला, म्हणजे 11 नोव्हेंबरला, अँटवर्पच्या चर्चमध्ये कुणीतरी आग्नेसचा बटवा कापला. ड्युरर त्या सुमारास मानधनाच्या मंजुरीसाठी कोलोनला होता. बटव्यात दोन गुल्डन होते, बटवा आणि आतल्या इतर वस्तू मिळून आणखी एकाच्या, शिवाय काही किल्ल्या होत्या. नवरा दूर गेला आहे, परक्या देशात ही मोलकरणीला घेऊन राहते आहे, आणि पैसे आणि किल्ल्या तिच्या कमरेला आहेत. तिचं घरातलं स्थान काय होतं हे सांगायला एवढं पुरे.

मानधन मंजूर झालं. पण एकूण प्रवासाचा ताळा मांडताना ड्युरर लिहितो की विक्रीत, खर्चात, सगळ्याच व्यवहारांत मला इथे तोटा झाला. बड्या लोकांना त्याने चित्रं भेट दिली होती, त्यांच्याकडून फारसं काही परत आलं नाही. तोट्याचं कारण म्हणून त्याने बायकोचं नाव कुठेही घेतलेलं नाही. उलट 1521 मध्ये त्याने नेदरलँडी पोशाखातलं तिचं एक सुंदर रेखाचित्र काढलं आणि त्यावर लिहिलं की आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. पेंगुळलेली ती मुलगी आता पंचेचाळिशीची, भारदस्त चेहऱ्याची बाई झाली होती.

1524 मध्ये त्याने न्युरेम्बर्गच्या परिषदेला विनंती केली की माझी साठवलेली हजार गुल्डनची रक्कम तुमच्याकडे पाच टक्क्यांनी ठेवून घ्या. कारण दिलं ते असं, की मी आणि माझी बायको दोघंही रोज म्हातारी आणि दुबळी होत चाललो आहोत. त्याच अर्जात तक्रारही आहे. तीस वर्षांत या शहराने मला पाचशे गुल्डनचंही काम दिलं नाही, व्हेनिस आणि अँटवर्पने वर्षासन देऊ केलं तरी मी इथेच राहिलो. त्यांना मूल नव्हतं. म्हातारपणाची काठी म्हणजे हाच पैसा होता. या काळजीला लोभ म्हणायचं असेल तर तो दोघांचा होता.

विधवेचं घर

ड्युरर गेला तेव्हा त्याचा मोठा ग्रंथ, मानवी शरीराच्या प्रमाणांवरची चार पुस्तकं, छापून पुरा झालेला नव्हता. तो 31 ऑक्टोबर 1528 ला बाहेर पडला, त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांच्या आत. शेवटी मुद्रकाचं नाव आहे आणि पुढे छापलं आहे की खर्च आल्ब्रेख्त ड्युररच्या विधवेने केला. 1532 मध्ये कामेरारियुसने केलेलं या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर निघालं. त्यावर स्थळ म्हणून छापलं आहे ‘ड्युररच्या विधवेच्या घरी’. युरोपभरच्या पंडितांच्या हाती तो ग्रंथ गेला तो या पत्त्यासह.

दरम्यान नकला करणारे टपून होतेच. 1528 च्या उन्हाळ्यातच झेबाल्ड बेहाम हा चित्रकार आणि एक ठसे कोरणारा कारागीर मिळून घोड्याच्या प्रमाणांवर पुस्तक काढणार होते. ते ड्युररच्या कामावरून उचललं आहे असा संशय होता. परिषदेने हुकूम काढला की ड्युररचा ग्रंथ बाहेर पडेपर्यंत हे छापायचं नाही. आग्नेसने सम्राटाकडून ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाविरुद्ध संरक्षणही मिळवलं. पुढे पॅरिसला ड्युररच्या भूमितीच्या पुस्तकाची लॅटिन आवृत्ती निघाली, तेव्हा न्युरेम्बर्गच्या परिषदेने तिच्या बाजूने इतर शहरांना पत्रं लिहिली. आज आपण कॉपीराइट म्हणतो त्या गोष्टीच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक होती आणि ती एका विधवेच्या नावावर आहे.

आणि लोभाचं काय? मागे राहिलेली मालमत्ता साडेसहा हजार गुल्डनहून जास्त होती. ड्युररचे दोन भाऊ होते, एक सोनार आणि एक चित्रकार. कायद्याने आग्नेसला सगळी मालमत्ता हयातभर वापरता आली असती. 1530 मध्ये तिने भावांचा चौथा हिस्सा आपण होऊन त्यांच्या हवाली केला. तशी नोंद भावांनीच लिहून दिली आहे. तारखेकडे पाहा. पिर्कहायमरने तिला लोभी म्हटलं तेच हे वर्ष. पुढे तिने हजार गुल्डनची ठेव एका शिष्यवृत्तीसाठी दिली. कारागिराच्या घरातल्या मुलाला विटेनबर्ग विद्यापीठात शिकता यावं यासाठी. 28 डिसेंबर 1539 रोजी ती वारली.

मग पत्र का लिहिलं गेलं?

पिर्कहायमर 1530 मध्ये आजारी होता, संधिवाताने हैराण होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोही गेला. मित्र गेल्याचं दुःख खरं होतं, त्यावर शंका घेऊ नये. पण त्याच पत्रात एक छोटी तक्रार दडलेली आहे. ड्युररला हरणांची शिंगं जमवायची हौस होती. त्यातली एक जोडी फार सुंदर होती आणि ती पिर्कहायमरला हवी होती. आग्नेसने ती न सांगता, त्याच्या मते कवडीमोलाने, दुसऱ्याला देऊन टाकली.

शिंगांसाठी एवढं मोठं पत्र लिहिलं असं मी म्हणत नाही. पण गंमत बघा. एकाच पत्रात ती पैशाला चिकटलेलीही आहे आणि मौल्यवान वस्तू स्वस्तात फुंकून टाकणारीही आहे. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

1876 मध्ये आल्बर्टिना संग्रहाशी संबंधित असलेले विद्वान मोरित्स थाउसिंग यांनी ड्युररचं चरित्र लिहिलं आणि आग्नेसची बाजू कागदपत्रांसह मांडली. तेव्हापासून अभ्यासकांचं मत हळूहळू बदललं. तरीही ‘कलाकाराची कटकटी बायको’ ही कथा पूर्णपणे पुसली गेली नाही, कारण ती सांगायला सोपी आहे.

पिर्कहायमरने जे पाहिलं ते कदाचित खोटं नसेलही. तो मित्राच्या घरी गप्पा मारायला, ग्रंथांवर बोलायला जायचा. ड्युररचा वेळ ही त्याच्यासाठी मैत्रीची गोष्ट होती. त्याच वेळाचा भाव जत्रेत काय येतो, हे आग्नेसला माहीत होतं. उसने पैसे कुणाकडे अडकले आहेत, कागदाची किंमत किती झाली, पुढच्या फ्रँकफर्टला किती ताव छापून तयार हवेत, हे ज्याला पाहावं लागतं तो माणूस पाहुण्याला थोडा रुक्षच वाटतो. पिर्कहायमरला जन्मात कधी हे पाहावं लागलं नाही. तो श्रीमंत घरात जन्मला होता. दोघांचा संसार सुखाचा होता का, हे कुणालाच ठरवता येणार नाही. व्हेनिसच्या पत्रांत ड्युररनेही बायकोवर काही हलक्या दर्जाचे विनोद केले आहेत. पण हिशेबाचा कागद भांडत नाही आणि रागावतही नाही. त्यात जत्रेची कमाई आहे, कापलेला बटवा आहे, छापून पुरा केलेला ग्रंथ आहे, दिरांना दिलेला हिस्सा आहे.

आपल्या ओळखीतही अशी घरं असतील. नवरा गातो, चित्रं काढतो, नाटक करतो, आणि बायको मानधनाचं बोलते, तारखा देते, थकलेले पैसे मागते. लोक म्हणतात, तो किती साधा, देवमाणूस, पण ती फार व्यवहारी. पुढच्या वेळी असं वाक्य कानावर आलं, तर त्या साध्या माणसाच्या घराचं भाडं कोण भरतं एवढं मनातल्या मनात विचारून बघा.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.